अंगणांतील शंख : आधीं ओळख, मग निवाडा

‘गोगलगाय आणि पोटांत पाय’ ही म्हण आपल्या भाषेंत सर्वांच्या तोंडीं आहे. वरून गरीब दिसणाऱ्या, परंतु आंतून कावेबाज असलेल्या माणसास उद्देशून आपण ती वापरतों. माणसाच्या स्वभावाविषयीं ती खरी असो वा नसो, गोगलगायीच्या शरीराविषयीं मात्र ती अक्षरशः खरी आहे. प्राणिशास्त्रांत या वर्गास ‘उदरपाद’ असें नांव आहे. पोट हाच ज्याचा पाय, असा त्याचा अर्थ. ज्या कोणीं ही म्हण प्रथम उच्चारली, त्यानें गोगलगायीस केव्हां तरी उलटी करून नीट पाहिलें असलें पाहिजे. आज आमच्या गोरेगांवांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत गोगलगायी घरोघरीं दृष्टीस पडतात. परंतु तिला उलटी करून पाहणारा शंभरांत एक तरी निघेल कीं नाहीं, याची मला शंका आहे. मिठाची पुडी घेऊन धांवणारे मात्र पुष्कळ आहेत.

विद्यार्थी मित्रहो, व त्यांच्या पालकांनो, या लेखांत मला एवढेंच प्रतिपादन करावयाचें आहे कीं, कोणत्याही जिवाचा निवाडा करण्यापूर्वीं तो कोण आहे व कोठें राहतो हें ओळखणें अवश्य आहे. आणि ही ओळख करून घेण्याचें शिक्षण शाळेनें व घरानें मिळून मुलांस दिलें पाहिजे. विषय क्षुल्लक दिसेल, पण त्यांत गोंवलेला प्रश्न क्षुल्लक नाहीं.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, लोकांचा राग निराधार नाहीं. जूनच्या सरी पडूं लागल्या कीं आपल्या इमारतींच्या आवारांत हाताच्या तळव्याएवढी, तपकिरी पट्ट्यांची एक मोठी गोगलगाय भिंतींवर चढूं लागते. ही आफ्रिकेंतील राक्षसी गोगलगाय होय. तिचें मूळ स्थान पूर्व आफ्रिका. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी विल्यम बेन्सन यांनीं १८४७ सालीं मॉरिशसहून कांहीं जिवंत गोगलगायी कलकत्त्यास आणल्या, व त्या चौरंगी भागांतील एका बागेंत सोडल्या गेल्या. तेथून ही जात देशभर पसरली. बेन्सन हे भारतीय शंखांचे नामांकित अभ्यासक होते, अनेक जातींचीं पहिलीं वर्णनें त्यांच्याच हातचीं आहेत. आणि तरीही हें संकट आलें तें त्यांच्याच हातून. आपल्या स्थानांतून उचलून दुसरीकडे नेलेला प्राणी तेथें काय करील हें अभ्यासकासही आधीं सांगतां येत नाहीं, ही गोष्ट आपण मनांत ठेवूं. पुढें तिचा उपयोग होईल.

या गोगलगायीची वीण दांडगी. प्रत्येक प्राणी नर व मादी दोन्ही असतो, आणि एका वेळीं दोनशेंपर्यंत अंडीं मातींत पुरून ठेवतो. शंख वाढविण्यास चुना लागतो, म्हणून ती भिंतीचा गिलावासुद्धां खरवडून खाते. २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर, बीड व धाराशिव (तेव्हांचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत गोगलगायींनीं सोयाबीनचीं कोंवळीं रोपें फस्त केलीं, आणि कित्येक शेतकऱ्यांस पुन्हा पेरणी करण्याची पाळी आली. शिवाय तिच्या शरीरांत उंदरांच्या फुप्फुसांतील एक कृमी राहूं शकतो, व तो माणसाच्या पोटांत गेल्यास मेंदूच्या आवरणास दाह होतो. म्हणून मुलांनीं तिला उघड्या हातानें शिवूं नये, व चुकून हात लागल्यास तो साबणानें स्वच्छ धुवावा. इतकें सगळें खरें आहे. परंतु एका जातीचा हा अपराध सर्व गोगलगायींच्या माथीं मारणें, हें मात्र न्यायाचें नव्हे.

भारतांत जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायींच्या चौदाशेंहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं बहुतेक इतक्या लहान आहेत कीं, त्या पायांखालीं आल्या तरी आपणांस कळत नाहीं. आपल्या आवारांत मीठ पडतें तें या सर्वांवर सारखेंच पडतें. गोगलगायीचें अंग उघडें व ओलें असल्यामुळें मीठ तिच्या शरीरांतील पाणी शोषून बाहेर काढतें, व ती तडफडून मरते. तेंच मीठ पावसाच्या पाण्याबरोबर मातींत मुरून गांडुळांस व झाडांच्या मुळांस बाधतें. एक शत्रु मारण्यासाठीं दहा निरपराध जीव मारावे आणि वर आपल्याच बागेचा कस घालवावा, हा व्यवहार हिशेबाच्या वहींतही बसत नाहीं.

ओळखीनें किती फरक पडतो याचें एक उदाहरण सांगतों. गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें घरच्या कुंड्यांतून वेंचलेले लहान शंख एका बाटलींत घालून शाळेंत आणले. “सर, हीं राक्षसी गोगलगायीचीं पिल्लें आहेत. आई म्हणाली, मीठ टाकून मारून टाक,” असें तो म्हणाला. आम्हीं हातमोजे घालून ते शंख एका पांढऱ्या कागदावर ओतले, व भिंग घेऊन एकेक पाहूं लागलों. बहुतेक शंख सुईच्या वेष्टनासारखे सडपातळ, कांचेसारखे अर्धपारदर्शक, फिकट पिवळसर, व सुमारें एक सेंटिमीटर उंचीचे होते. एका शंखाच्या भिंतींतून आंतील बारीक पांढरे मणी दिसत होते. तीं त्याचीं अंडीं होतीं. तेव्हां वर्गांतील दुसऱ्या एका मुलानें विचारलें, “सर, ज्याच्या पोटांत अंडीं आहेत तें पिल्लूं कसें असेल?” या एका प्रश्नानें निम्मा खटला निकालांत निघाला. हे प्राणी लहान होते, पण लहान वयाचे नव्हते. ती त्यांची पूर्ण वाढच होती.

या जातीचें शास्त्रीय नांव ‘ॲलोपियस ग्रॅसिली’ असें आहे. लष्करी अधिकारी थॉमस हटन यांनीं १८३४ सालीं मिर्झापूर येथील नमुन्यांवरून तिचें प्रथम वर्णन केलें. लॅटिन भाषेंत ‘ग्रॅसिली’ म्हणजे सडपातळ. कुंड्या, रोपें व माती यांच्याबरोबर ती आज उष्ण कटिबंधांतील बहुतेक देशांत पोंचली आहे. तिचें अन्न मुख्यतः कुजलेलीं पानें, म्हणजे कुंडींतील कचऱ्याचें खत करण्याच्या कामास तिचा हातभारच लागतो.

त्याच कागदावर दोन शंख निराळे होते. ते रुंद होते, त्यांवर तपकिरी रेघा होत्या, व शेवटचा वेढा बाकीच्या वेढ्यांच्या मानानें बराच फुगीर होता. हीं मात्र खरोखरच राक्षसी गोगलगायीचीं पिल्लें होतीं. आणि सर्वांत तळाशीं एक शंख सहा-सात मिलिमीटरांचा, गुळगुळीत, नळीसारखा, ज्याच्या आंतून तांबूस-नारिंगी रंग झळकत होता असा सांपडला. त्याच्या तोंडांत भिंगाखालीं बारीक दांत दिसत होते. ही ‘हटनेला बायकलर’. हिचेंही वर्णन हटन यांनीं १८३४ सालींच केलें, आणि पुढें त्यांच्याच सन्मानार्थ या गणास त्यांचें नांव मिळालें. ही चिमुकली गोगलगाय शाकाहारी नाहीं. ती दुसऱ्या लहान गोगलगायींची शिकार करून खाते. म्हणजे एकाच बाटलींत एक उपद्रवी, एक निरुपद्रवी आणि एक शिकारी, असे तीन निरनिराळे जीव होते. आणि तिघांनाही एकच शिक्षा व्हावयाची होती!

आतां ओळख पटवावयाची कशी? त्यासाठीं मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाहीं. एक भिंग, एक मोजपट्टी व थोडा धीर पुरे. शंखाचें टोंक वर व तोंड आपल्याकडे करून तो धरावा. तोंड उजव्या बाजूस आलें तर शंख उजवा. डाव्या बाजूस आलें तर डावा. बहुतेक शंख उजवे असतात. परंतु आपल्या मुंबईच्या परिसरांत ‘एरिओफँटा लीव्हिपीस’ या नांवाची एक सुंदर, पातळ शंखाची गोगलगाय आढळते, व तिचा शंख डावा असतो. ओटो म्यूलर या डॅनिश शास्त्रज्ञानें १७७४ सालीं तिला नांव दिलें. आवारांतील मध्यम आकाराची गोगलगाय राक्षसीचें पोर आहे कीं आपली देशी आहे, हें ठरविण्यास पुष्कळदां ही एकच खूण पुरते. कारण राक्षसी गोगलगायीचा शंख उजवा असतो.

त्यानंतर वेढे मोजावे, उंची व रुंदी मिलिमीटरांत लिहावी, व तोंडाची कड जाड आहे कीं पातळ हें पाहावें. शंखाच्या तळाशीं, मधल्या दांड्याजवळ, बेंबीसारखी खांच आहे कीं नाहीं, व तो दांडा तळाशीं एकदम छाटल्यासारखा आहे कीं हळूहळू निमुळता होत जातो, याची नोंद करावी. मग जिवंत प्राण्याकडे वळावें. डोळे लांब शिंगांच्या टोंकांवर आहेत कीं शिंगांच्या बुडाशीं? बुडाशीं असले, आणि प्राणी आंत शिरतांच शंखाचें तोंड एका गोल झांकणानें बंद होत असलें, तर तो अगदीं वेगळ्या घराण्यांतला समजावा. या झांकणवाल्या गोगलगायींचे पूर्वज समुद्रांतून जमिनीवर आले ते निराळ्या वाटेनें, व त्यांच्यांत नर व मादी वेगवेगळे असतात. सह्याद्रींत त्या पुष्कळ आहेत.

सर्वांत शेवटीं, परंतु सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे तो जीव कोठें सांपडला हें लिहावें. पाचोळ्याखालीं कीं भिंतीवर, ओल्या दगडावर कीं झाडाच्या सालीवर, कोणत्या दिवशीं व कोणत्या वेळीं, हें नसेल तर सुंदरांतला सुंदर शंखही पत्ता नसलेल्या पत्राप्रमाणें व्यर्थ होय. गोगलगाय आपल्या स्थानाशीं इतकी बांधलेली असते कीं तिचें स्थान हा तिच्या ओळखीचाच एक भाग असतो. सह्याद्रीच्या कड्यांवर, जेथें धबधब्याचे तुषार उडतात तेथें, ‘क्रेम्नोकोंकस’ या गणाच्या लहान गोगलगायी राहतात. त्यांचें सगळें आप्तकुल समुद्रकिनाऱ्यावरील खडकांवर नांदणारें आहे. ही एकच शाखा डोंगरांतील गोड्या पाण्याच्या ओलाव्यावर जगते, आणि जगांत दुसरीकडे कोठेंही सांपडत नाहीं. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तिचा अभ्यास केला. २०१३ सालीं या गणांतील कित्येक नव्या जातींचें वर्णन प्रसिद्ध झालें. तसेंच २०२१ सालीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंबोली येथून, शंखांत पूर्ण शिरूं न शकणाऱ्या एका गोगलगायीची केवळ नवी जातच नव्हे तर नवा गण जाहीर झाला, व त्या जातीस ‘व्हराडिया आंबोलिएन्सिस’ असें आंबोलीचें नांव देण्यांत आलें. आंबोलीस वर्षानुवर्षें किती सहली जातात! पायांखालच्या या जिवास नांव मिळण्यास २०२१ साल उजाडावें लागलें.

आपल्या गोरेगांवाचें भाग्य असें कीं, पूर्वेस आरेची वसाहत व तिला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. आरेची दुग्धवसाहत १९४९ सालीं स्थापन झाली. परंतु तेथील ओढे, खडक व पाचोळा त्याहून कितीतरी जुने आहेत. त्या भूमीवरून गेल्या कांहीं वर्षांत मोठे वाद झाले. २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या आगारासाठीं दोन हजारांहून अधिक झाडें तोडण्यांत आलीं. पुढच्याच वर्षीं आरेपैकीं सुमारें ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, झाड उभें असतें म्हणून तें मोजतां येतें व त्याच्यासाठीं कोणी तरी बोलतो. पाचोळ्याखालचा पांच मिलिमीटरांचा जीव मोजला जात नाहीं, म्हणून त्याच्यासाठीं कोणी बोलतही नाहीं. पक्षी उडून दुसऱ्या झाडावर जाईल; गोगलगायीस रस्त्यापलीकडचा ओलावा म्हणजे परदेशच.

आणि हें केवळ जंगलापुरतें नाहीं. पुष्कळांस वाटतें कीं गोगलगायी पावसाळ्यांत उत्पन्न होतात व नंतर नाहींशा होतात. खरी गोष्ट अशी कीं, उन्हाळ्यांत त्या शंखाचें तोंड बंद करून पाचोळ्यांत, मुळांच्या बेचक्यांत किंवा भिंतीच्या फटींत झोंप घेतात. आपण मार्च-एप्रिलमध्यें आवार झाडून पाचोळ्याचा ढीग पेटवितों, तेव्हां त्या झोंपलेल्या जिवांचीही होळी होते. राक्षसी गोगलगाय मातींत खोल शिरून बहुधा वांचते. पाचोळ्यांतल्या लहान देशी जाती जळतात. म्हणजे ज्यांना राखावयाचें त्यांना आपण मारतों, आणि जिला मारावयाचें तिच्यासाठीं जागा मोकळी करून देतों.

येथें कोणी पालक म्हणतील, “मास्तर, हें सगळें ठीक आहे, पण परीक्षेंत गोगलगायीस किती गुण?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तरही सरळ देतों. ओळख न पटवितां केलेल्या उपायाची किंमत किती मोठी असते, हें पॅसिफिक महासागरांतील बेटांनीं अनुभविलें आहे. राक्षसी गोगलगायीचा नाश व्हावा म्हणून १९५५ सालीं हवाई बेटांवर अमेरिकेंतील एक शिकारी गोगलगाय नेऊन सोडण्यांत आली. १९७७ सालीं तीच मूरिया बेटावर सोडली गेली. तिनें राक्षसीस सोडून त्या बेटांवरील लहान, निरुपद्रवी देशी गोगलगायींचा फडशा पाडला. मूरियावरील ‘पार्ट्युला’ गणाच्या जाती दहा वर्षांच्या आंत रानांतून नाहींशा झाल्या. ज्या थोड्या वांचल्या त्या प्राणिसंग्रहालयांतील कांचेच्या पेट्यांत वांचल्या, आणि तेथें वाढवून त्यांना आतां परत बेटांवर सोडावें लागत आहे. ज्यांनीं हा उपाय योजिला ते अशिक्षित नव्हते. परंतु ‘गोगलगाय खाणारी गोगलगाय’ एवढ्या ढोबळ माहितीवर ते थांबले. कोणती कोणास खाते, व कोठें, हा पुढचा प्रश्न त्यांनीं पुरता विचारला नाहीं. बेन्सनच्या वेळीं जें झालें तेंच शंभर वर्षांनंतर पुन्हा झालें. ढोबळ माहितीवर न थांबतां पुढचा प्रश्न विचारण्याची संवय हेंच शिक्षण. आणि ती संवय लागली तर परीक्षेचे गुण तिच्यामागून येतात, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

आतां कर्तव्याविषयीं दोन शब्द. राक्षसी गोगलगायीचा बंदोबस्त अवश्य करावा. सायंकाळीं किंवा पहांटे हातमोजे घालून तिला वेंचावें, साबणाच्या पाण्याच्या बादलींत टाकावें व मग खड्ड्यांत पुरावें. मराठवाड्यांतील शेतकऱ्यांस सांगितला जाणारा एक उपाय येथेंही चालतो. गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें रात्रीं पसरून ठेवलीं म्हणजे गोगलगायी त्यांखालीं गोळा होतात, व सकाळीं त्या वेंचणें सोपें जातें. मातींतील अंड्यांचे पुंजके शोधून नष्ट करावे. परंतु वेंचतांना प्रत्येकीकडे एकदां पाहावें. शंख डावा असेल, किंवा सुईसारखा सडपातळ असेल, तर ती आपली नव्हे असें समजून जागच्या जागीं सोडावी. आवारांत सरसकट मीठ अथवा विषाच्या गोळ्या टाकूं नयेत. त्या गोळ्या खाऊन कुत्र्यामांजरांनाही बाधा होते.

गृहसंस्थेच्या चालकांनीं आवाराच्या एका कोपऱ्यांत पाचोळा न जाळतां तसाच कुजूं द्यावा. त्यानें शोभा फार बिघडणार नाहीं, आणि खत फुकट मिळेल. विद्यार्थ्यांनीं मोबाईलवर छायाचित्र काढतांना शेजारीं मोजपट्टी ठेवावी, शंखाचीं वरची, खालची व तोंडाची अशीं तीन चित्रें घ्यावीं, व जागा आणि तारीख वहींत लिहावी. राष्ट्रीय उद्यानांतून एक रिकामा शंखसुद्धां उचलूं नये; तेथें फक्त पाहावें. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचें, म्हणजे १८८३ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेचें, निसर्ग शिक्षण केंद्र आपल्याच गोरेगांवांत चित्रनगरीजवळ ३३ एकरांवर आहे. ज्या मुलांच्या घराजवळ इतकें आहे त्यांनीं पुस्तकांतील चित्रावर समाधान मानावें, हें बरें नव्हे.

आणखी एक काम मराठी भाषेच्या वतीनें मागतों. या लहान शंखांना लॅटिन नांवें आहेत, पण त्यांपैकीं बहुतेकांस रुळलेलें मराठी नांव नाहीं. आपल्या लेखीं त्या सगळ्या ‘गोगलगाय’च. ज्याला नांव नाहीं त्याची आठवण राहत नाहीं. सडपातळ ती ‘सुईशंखी’, दोन रंगांची ती ‘दुरंगी’, डाव्या शंखाची ती ‘डावरी’, अशीं नांवें कां असूं नयेत? हीं माझीं सूचना म्हणून घ्यावीं. याहून चांगलीं तुम्ही शोधाल. पुढील पावसाळ्यांत प्रत्येक इयत्तेनें आपल्या आवारांतील शंखांची एक यादी करावी, तिच्यांत मराठी व शास्त्रीय दोन्ही नांवें, मोजमाप व स्थान लिहावें, आणि ती याच वार्षिकांत छापावी. दरवर्षीं ती पुढें चालूं राहिली, तर कोणता जीव टिकला व कोणता नाहींसा झाला हें गोरेगांवास आपल्या मुलांच्या हस्ताक्षरांत वाचतां येईल.